'दिनेशच्या गोष्टी' नावाचं पुस्तक कुणी पाहिलंय का?

मित्रांनो, आज पाणीयोजना नाही, खड्डे नाहीत, कुणाचा पक्षप्रवेशही नाही. एका पुस्तकाची गोष्ट आहे. शेवटाकडे थोडं सरकार-दरबार येईल, ते माझ्या धंद्यामुळं. लांबलीय, चहा घेऊन बसा.

मेच्या शेवटी दरवर्षीप्रमाणे काजव्यांची बातमी करायला भंडारदऱ्याच्या बाजूला गेलो होतो. आपल्या अकोले तालुक्यातल्या लोकांना हे सांगायला नको. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पावसाच्या आधी पंधरा-वीस दिवस हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं पेटल्यासारखी लुकलुकतात आणि ते बघायला मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. अंधार बघायला आलेले लोक हेडलाइट चालू ठेवून उभे राहतात, हा विनोद मी दरवर्षी बातमीत लिहितो आणि दरवर्षी डेस्कवर तो कापला जातो.

तर एका गाडीशेजारी सात-आठ वर्षांचं एक पोरगं उभं होतं. त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत एक काजवा धरला होता. बाप म्हणत होता सोड तो, पोरगं ऐकत नव्हतं. बापानं मोबाइल पुढं केला, "हा घे, गेम खेळ, पण ते सोड." पोरानं मोबाइलकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि मला एकदम काडेपेटी आठवली. काडेपेटीत काजवा. कुठल्यातरी पुस्तकात एका मुलानं आपला खेळण्यातला नवाकोरा ट्रक दोस्ताला देऊन टाकला होता आणि बदल्यात काडेपेटीतला एक काजवा घेतला होता. आई घरी यायला उशीर झाला होता, अंधार पडला होता, आणि तो एकटा अंगणात वाट बघत बसला होता. आई आल्यावर विचारते, एवढी महागाची वस्तू देऊन हे काय घेतलंस? तर त्याचं म्हणणं साधारण असं, की ट्रक काय, निर्जीव. ह्याच्यात जीव आहे.

हे पुस्तक मी चौथीत वाचलं होतं. नाव आठवत होतं 'दिनेशच्या गोष्टी'. बाकी काही नाही. लेखक नाही, प्रकाशक नाही, मुखपृष्ठ धूसर. पण एक गोष्ट पक्की आठवत होती, कारण ती विसरायची सोय नाही. ते पुस्तक मी शाळेचं घेतलं आणि परत दिलं नाही.

सांगून टाकतो. आमची शाळा दोनशिक्षकी. गुरुजींनी कसल्यातरी अनुदानाचे आलेले पैसे घेऊन संगमनेरला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं तिथनं पिशवीभर पुस्तकं आणली. पत्र्याच्या पेटीत ठेवली. शनिवारी पेटी उघडायची, पोरांनी एकेक न्यायचं. मी दिवाळीच्या सुट्टीला जाताना हे पुस्तक घेऊन मामाच्या गावाला गेलो, राहुरीकडं. तिथंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर नव्हतं. मामी म्हणाली, चुलीच्या वरच्या फळीवर होतं बाई, कुणी घेतलं काय माहीत. चुलीच्या वरच्या फळीवरच्या कागदाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मार्चअखेर तपासणी झाली. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक पुस्तक कमी. गुरुजींनी वर्गात एकदाच विचारलं, कुणाकडं राहिलंय का? मी खाली बघितलं. किंमत त्यांनी खिशातून भरली, हे आम्हाला नंतर दुसऱ्या बाईंकडनं कळलं. रक्कम किरकोळच असणार, पण तेव्हा किरकोळ रकमेचीही चणचण असायची. आज गुरुजी ८४ वर्षांचे आहेत. मी पत्रकार झालो, रोज दुसऱ्यांना जाब विचारतो. हा एक जाब मात्र राहिला होता.

शोध मी पूर्वीही घेतला होता, अगदीच घेतला नाही असं नाही. १९९७ ला नगरला सत्तरावं साहित्य संमेलन भरलं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते, तेव्हा मी कॉलेजात होतो. एसटीनं गेलो, भाषण एकही ऐकलं नाही, पुस्तकांच्या गाळ्यांवर फिरलो. "दिनेशच्या गोष्टी आहे का?" कुणी म्हणे संपलं, कुणी म्हणे पुढच्या गाळ्यावर बघा. आता कळतं की जे पुस्तक नव्हतंच ते "संपलं" म्हणणारा माणूस धंद्यात मुरलेला होता.

ह्या खेपेला काजव्यांवरनं परत आल्यावर इथंच, ह्याच भिंतीवर, मी चार ओळी टाकल्या होत्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी उत्तरं दिली, त्याबद्दल आभार. पण खरं सांगू का, वाचून हसायला आलं. एकानं छातीठोक सांगितलं, हा फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मला चांगला माहीत आहे, तो काजव्यासाठी ट्रक देणारा नव्हे, ट्रकमधले चोर पकडणारा. दुसरा म्हणाला, ताम्हनकरांचा गोट्या. तिसरा म्हणाला, 'किशोर'मधली गोष्ट आहे. हे मात्र शक्य वाटलं, आणि तपासताही आलं. बालभारतीनं 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर ठेवलेत, फुकट. सरकारनं केलेल्या चांगल्या कामाबद्दल आम्ही पत्रकार लिहीत नाही म्हणून ओरड असते, तर घ्या, लिहिलं. तीन रात्री अंक चाळले. काजवा नाही, पण बाकी इतकं काही सापडलं की बायकोनं दिवा बंद केला.

मग आमच्याच भागातल्या एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथं तीसेक वर्षं काम करून निवृत्त झालेल्या एक मॅडम आहेत, अजून दुपारी येऊन बसतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅटलॉग उघडलाच नाही.

"नाव विसरा," म्हणाल्या. "लोकांना नाव कधीच बरोबर आठवत नाही. पुस्तक आडवं होतं का उभं?"

"उभं. पुठ्ठ्याचं."

"कागद?"

"जाड. आणि वास होता. आपल्या पुस्तकांना नसतो तसला."

"चित्रं?"

"होती. लोक सगळे कोट घातलेले." हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं. विचारल्यावर आठवलं.

"अजून काय वाचलं होतं त्याच आठवड्यात? त्याच पेटीतलं?"

तेव्हा मी दुसऱ्या एका पुस्तकाचं सांगितलं. त्यात एका मुलाला आई सकाळी खीर खायला लावते. त्याला ती नको असते. तो त्यात साखर घालतो, मीठ घालतो, काय काय घालतो, शेवटी वाडगं खिडकीतून बाहेर ओततो. थोड्या वेळानं दारात पोलीस, आणि त्याच्यासोबत एक माणूस, त्याच्या गांधी टोपीवरनं खीर ओघळतेय. आईनं नेमकं आदल्या रात्रीच सांगितलेलं असतं की लपवलेलं काही लपत नाही.

मॅडम हसल्या. "गांधी टोपी कशी असेल? कोट घातलेले लोक म्हणताय ना?"

बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात ती गांधी टोपीच होती, पस्तीस वर्षं. आमच्याकडं दुसरी टोपी कुणी घालतच नव्हतं, पोरगं दुसरी कुठली बघणार?

"आणि शेवटच्या पानावर काय होतं? काही पत्ता वगैरे?"

आता मात्र अंगावर काटा आला. होता! शेवटी लिहिलेलं होतं की पुस्तक कसं वाटलं ते आम्हाला कळवा, आणि खाली एक लांबलचक पत्ता. मी तो पाटीवर उतरवून काढला होता. पोस्टकार्ड टाकायचं ठरवलं होतं, गुरुजी म्हणाले होते की पोस्टकार्डावर तिथं जाणार नाही.

"मॉस्को," मॅडम म्हणाल्या. "झुबोव्स्की बुलेव्हार, सतरा. अहो, ते रशियन पुस्तक आहे. तुमचा दिनेश म्हणजे देनिस. 'देनिसच्या गोष्टी'. आणि तुमची दोन पुस्तकं नाहीत. काजवा आणि खीर, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत."

देनिसचा दिनेश. आमच्या वर्गात दोन दिनेश होते, एखादा देनिस असता तर एवढी वर्षं गेली नसती.

मग जे कळत गेलं ते थोडक्यात सांगतो, कारण तरुण मित्रांना हे ठाऊक नसेल. सोव्हिएत युनियन असताना मॉस्कोत चक्क मराठी पुस्तकं छापली जायची. प्रगती प्रकाशन आणि १९८२ पासून निघालेलं रादुगा प्रकाशन. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. अनिल हवालदारांसारख्या माणसांनी अनुवाद केले. मुंबईचं लोकवाङ्मय गृह ती इथं आणायचं, गावोगाव प्रदर्शनं लावायचं, गाडी फिरवायचं. छपाई भारी आणि किंमत इतकी कमी की दोनशिक्षकी शाळेच्या गुरुजींना पिशवी भरून आणता यायची. त्यामागं प्रचार होता का? होताच की. पण देनिसच्या गोष्टीत क्रांती नाही, कारखाना नाही. एक पोरगं आहे आणि त्याची फजिती आहे. लिहिणारे विक्तर द्रागुन्स्की, जन्म १९१३, तोही न्यूयॉर्कचा. आईबाप परत रशियात गेले. हा गृहस्थ नट होता, सर्कशीत विदूषकही होता. देनिस हे त्यांच्या स्वतःच्या मुलाचं नाव.

आणि आपला जिल्हा तर ह्या पुस्तकांसाठी कसलेली जमीन. संगमनेरचे दत्ता देशमुख, सात्रळचे पी. बी. कडू पाटील, लाल झेंड्याची ही सगळी पिढी इथली. सभेला गेलेला माणूस येताना पोराला एखादं रशियन चित्रांचं पुस्तक आणायचा. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन संपलं, आणि पुस्तकांची गाडी यायची थांबली. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. गाडी का येत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

असो. नाव मिळालं. पुस्तक मिळेल असं वाटलं.

मॅडमनी जुनं दाखल रजिस्टर काढायला लावलं. त्या वाचनालयाचं नाव मी इथं लिहीत नाही, लिहिण्याची गरज नाही, कारण कुठल्याही वाचनालयात जा, हेच दिसेल. निळ्या शाईतली सुंदर अक्षरं, दाखल अंक, तारीख, नाव, लेखक, किंमत. बोट फिरवत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. 'देनिसच्या गोष्टी'. म्हणजे आपल्या इथं, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हे पुस्तक होतं. मी १९९७ ला नगरला गाळे धुंडाळत होतो तेव्हाही कदाचित इथं कपाटात असेल. मग शेवटच्या रकान्यात नजर गेली. शेरा: बाद. त्या पानावरच्या निम्म्याहून जास्त पुस्तकांपुढं तोच शिक्का.

मी मॅडमना म्हणालो, रद्दीत घातलंत? जरा चिडूनच म्हणालो. त्यांनी शांतपणे मला एका खोलीत नेलं. छत गळतंय. वाळवीनं एक अख्खं कपाट खाल्लंय. "दर वर्षी तपासणीला नवीन पुस्तकं दाखवावी लागतात," म्हणाल्या. "जागा तेवढीच. जुनं काढल्याशिवाय नवीन ठेवू कुठं? आणि सगळ्यात आधी काय काढतो आम्ही? जे फाटलंय ते. सगळ्यात जास्त काय फाटतं? जे पोरांनी सगळ्यात जास्त वाचलंय ते."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आवडलेलं पुस्तक आधी मरतं. कंटाळवाणं पुस्तक मात्र पन्नास वर्षं कपाटात कोरं करकरीत उभं असतं. तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन बघा, कोणते खंड कोरे आहेत ते.

आता सरकार-दरबार. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे, दर्जाप्रमाणे अनुदान. त्यातलं निम्मं पगाराचं, आणि तो पगार किती असतो हे ड वर्गाच्या ग्रंथपालाला विचारायची माझी हिंमत होत नाही. २०१२ ला महसूल खात्यानं राज्यभर वाचनालयांची झाडाझडती घेतली. कागदावरची वाचनालयं सापडलीही, ती सापडायलाच हवी होती. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून पडली. भोगलं ते खरोखर चालणाऱ्या वाचनालयांनी. तपासणीत मोजतात काय, तर पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या, वर्तमानपत्रांची संख्या. एखादं पुस्तक जिल्ह्यातलं शेवटचं आहे का, हे मोजायला रकानाच नाही.

कुणी म्हणेल, त्यात काय, मोठ्या ग्रंथालयात असेलच की. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय धरून चार ठिकाणी पाठवायची, असा १९५४ चा कायदा आहे. किती प्रकाशक पाळतात हा वेगळा विषय. पण गंमत बघा, तो कायदा भारतात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना. माझं पुस्तक मराठीत, वाचलं अकोले तालुक्यात, पण छापलं मॉस्कोत. त्याची प्रत पाठवायला कुणीच बांधील नव्हतं. शं. ग. दात्यांनी एवढी मोठी मराठी ग्रंथसूची केली, १८०० पासूनचं पुस्तक न् पुस्तक नोंदवलं, ती १९५० पर्यंत येऊन थांबते. म्हणजे १८५० सालचं मराठी पुस्तक शोधायचं तर निदान यादी तरी आहे. माझ्या चौथीतलं पुस्तक शोधायचं तर मॅडमच्या डोक्याशिवाय काही नाही. आणि मॅडम दुपारी येतात त्या हौसेनं, त्याचे त्यांना कुणी पैसे देत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. अभिजात म्हणजे भाषा किती जुनी ते सिद्ध करायचं, ताम्रपट, शिलालेख, गाथा. ते झालं, छान झालं. पण जी भाषा दोन हजार वर्षांचा पुरावा देते तिला १९८८ चं पोरांचं पुस्तक दाखवता येऊ नये, हे मला पटत नाही. आपल्या नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं. राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक आपल्या जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, त्या वादात मी पडत नाही, पण नाव बदललं तरी रजिस्टरं तीच आहेत आणि ती अजून शाबूत आहेत.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. कोट्यवधींचं डिजिटायझेशन वगैरे राहू द्या, ते टेंडर निघेल तेव्हा निघेल. पुस्तक बाद करायचा ठराव झाला की ती यादी महिनाभर आधी वाचनालयाच्या दारावर आणि व्हॉट्सॲपवर लावा. बस. ज्याला हवं तो घेऊन जाईल, रद्दीच्या भावानं घेईल, दुप्पट भावानं घेईल. आणि जुनी दाखल रजिस्टरं फेकू नका. मोबाइलनं एकेका पानाचा फोटो काढा. एका वाचनालयाचं काम दोन कॉलेजची पोरं दोन दिवसांत करतील. सगळ्या तालुक्यांचे फोटो एकत्र आले तर निदान कळेल तरी, की ह्या जिल्ह्यानं पन्नास वर्षांत काय वाचलं. हे कुणाच्या परवानगीशिवाय होण्यासारखं आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल.

पुस्तकाचं काय झालं म्हणाल. काही हौशी वाचक ही सोव्हिएत मराठी पुस्तकं शोधत फिरतात, त्यांनी एक माहितीपट केलाय, तो बघितला तेव्हा कळलं की असा वेडा मी एकटा नाही. पण मला पडद्यावरचं नको होतं, कागदावरचं हवं होतं. ते शेवटी संगमनेर तालुक्यात एका निवृत्त एसटी कंडक्टर आजोबांच्या माळ्यावर सापडलं. पक्षाचे जुने कार्यकर्ते. पोती उतरवली, धुरळ्यानं दोघंही शिंकलो. चौथ्या पोत्यात होतं.

"आजोबा, विकत देता का?"

"इकायचं नाय."

"मग चार दिवस नेऊ?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पत्रकार ना तू? झेरॉक्स मार आन् सांजच्याला परत आण. कार्ड ठिव हितं."

मी माझं ओळखपत्र तारण ठेवलं. पस्तीस वर्षांपूर्वी गुरुजींनी काहीच ठेवून घेतलं नव्हतं, त्याचं काय झालं ते तुम्ही वाचलंतच. (झेरॉक्स कायद्यात बसते का, असं विचारू नका. द्रागुन्स्की १९७२ ला वारले, आपल्याकडं मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३२ संपेपर्यंत. अनुवादाचा हक्क आणखी निराळा. छापणारी संस्था राहिली नाही, छापणारा देशही राहिला नाही. परवानगी कुणाकडं मागू ते सांगा, मागतो.)

झेरॉक्सच्या दुकानातच उभ्या उभ्या वाचलं. काजवा होता. ट्रक होता. खीर होती. टोपी होती, गांधी नव्हती. एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो होतो, त्या मुलाच्या जुन्या अस्वलाची. त्याला बॉक्सिंग शिकायचं असतं, बाप महागडी पिशवी आणून देत नाही, आई म्हणते ह्या जुन्या खेळण्यातल्या अस्वलाला गुद्दे मार, आणि त्याच्याकडं बघता बघता पोराचा हात उठत नाही. दुकानदारानं विचारलं, भाऊ, पाणी देऊ का?

बाइंडिंग करून घेतलं आणि रविवारी गुरुजींकडं गेलो. पाया पडलो. पुस्तक हातात दिलं आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं, खाली बघूनच. मामाचं गाव, चूल, तपासणी, सगळं.

गुरुजींनी चष्मा लावून पानं उलटली. बराच वेळ. मग म्हणाले, "हे मी आणलं होतं?"

"हो गुरुजी. संगमनेरहून."

"आठवत नाही रे."

"पैसे भरले होते तुम्ही."

"भरले असतील. दर वर्षीच काहीतरी कमी यायचं. एका साली तर घंटाच गेली होती." मग जरा थांबून, "तुझं भागाकाराचं काय झालं पुढं? तुला हातचा घ्यायचं कळत नव्हतं."

भागाकारात हातचा नसतो, पण मी काही बोललो नाही.

चहा झाला. निघालो तसं त्यांनी मागून हाक मारली. म्हणाले, तू असली पुस्तकं शोधतोस तर माझं एक बघ. दुसरी-तिसरीत असताना वाचलेलं, म्हणजे १९४९-५० च्या सुमाराचं. आडवं होतं. पुठ्ठा लाल, का विटकरी. त्यात एक हत्ती कोरड्या विहिरीत पडतो आणि गावातली पोरं विहिरीत गवताच्या पेंढ्या टाकत राहतात, टाकत राहतात, तो त्यांच्यावर चढत चढत वर येतो. शेवटी हत्ती गावातच राहतो का निघून जातो, ते पान फाटलेलं होतं. नाव आठवत नाही. हत्तीचं नाव बहुधा मोती.

मी मॅडमना सांगितलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चित्रं एकरंगी का दोनरंगी, तो मी गुरुजींना फोन करून विचारला. म्हणाले, हत्ती काळा आणि गवत हिरवं होतं. तुमच्याकडं आजी-आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील तर आज रात्री जेवताना विचारा आणि जे आठवेल ते खाली लिहा. नाव चुकलं तरी चालेल.